मीठ, पीठ आणि सासूबाईंचा वर्ग

माझ्या सासूबाई मला मोजत नाहीत, असं मला लग्नानंतर सलग आठ वर्षं वाटत होतं. समोरासमोर बसलो की त्यांचं बोलणं मोकळं, चेष्टामस्करीही चालायची. पण मी ओट्याशी पाठमोरी उभी राहून काही विचारलं की उत्तर नाही. दोनदा विचारलं तरी नाही. "आई माझ्याकडे मुद्दाम कानाडोळा करतात," असं मी नवऱ्याला सांगायचे. तो "तिचा स्वभावच तसा आहे" म्हणायचा आणि वर्तमानपत्रात डोकं घालायचा.

सासूबाईंनी एकतीस वर्षं एका माग कारखान्यात काढली होती. लांबच लांब पत्र्याची शेड, त्यात चाळीस माग, आणि एका कोपऱ्यात कांड्या भरणाऱ्या सहा बायका, त्यांतल्या एक सासूबाई. कांडी म्हणजे मागात इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची छोटी गुंडाळी. ती संपली की माग थांबतो, म्हणून या बायकांच्या हाताला उसंत नसायची. कारखाना बंद पडला तेव्हा त्या चौसष्ट वर्षांच्या होत्या. महिनाभर घरात बसल्या, सगळी कपाटं लावून झाली, मग एका सकाळी चपला घालून म्हणाल्या, "मी शिक्षण केंद्रात नाव घालून येते."

हे केंद्र आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. पूर्वीचं धान्याचं गोदाम. आता त्यात चार खोल्या आणि एक हॉल. एका खोलीत शिवणवर्ग, एकीत अक्षरओळख, एकीत मोबाइल-कॉम्प्युटर, आणि चौथीत संचालिका मॅडमचं टेबल. या मॅडम निवृत्त मुख्याध्यापिका, त्यामुळे दारातून आलेल्या साठीच्या माणसालाही "पाय पुसून या" म्हणायच्या. सासूबाईंनी मोबाइलचा वर्ग निवडला. माझी नणंद लांब राहते, दर रविवारी फोन करते, आणि सासूबाई दर वेळी "तूच बोल" म्हणून फोन माझ्या हातात देतात. त्यांना तिला लिहून निरोप पाठवायला शिकायचं होतं. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण लावून लावून वाचता यायचं.

तिसऱ्या आठवड्यात केंद्रासमोरचा रस्ता खणायला घेतला. भर वर्गात बाहेर ड्रिल मशीन सुरू झालं आणि खिडक्या थरथरायला लागल्या. कॉम्प्युटरचे सर बोलत होते, पण कुणाला काही ऐकू येईना. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सासूबाई तेवढ्या शांतपणे मोबाइलवर बोट चालवत होत्या. शेजारणीने खुणेने विचारलं, तर तिच्या मोबाइलवरचं बटण दाबून दाखवलं, मग मागच्या दोघांचंही करून दिलं. ड्रिल थांबल्यावर सर त्यांच्यापाशी आले.

"तुम्हाला ऐकू कसं आलं?"

"ऐकायचं काय त्यात? तुम्ही बोलत होतात की."

सरांनी ही गोष्ट मॅडमच्या कानावर घातली. मॅडमनी सासूबाईंना टेबलासमोर बसवलं आणि आवाज न काढता, नुसते ओठ हलवून विचारलं, "घरी कोण कोण आहे?"

"मुलगा, सून, नातू," सासूबाई म्हणाल्या, "आणि तुमचा गळा हलत नाहीये, घसा बसलाय का?"

मॅडम त्यांना थेट कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या आणि मलाही बोलावून घेतलं. काचेच्या खोलीत तपासणी झाली. डॉक्टरांनी कागद दोनदा पाहिला आणि मला म्हणाले, "यांना जवळपास काहीच ऐकू येत नाही. पंधराएक वर्षं तरी झाली असतील. तुमच्या लक्षात आलं नाही?"

मी सासूबाईंकडे बघितलं आणि मला त्यांचा कारखाना आठवला. चाळीस मागांच्या खडखडाटात त्या सहा बायका दिवसभर गप्पा मारायच्या, त्या ओठ बघून. त्या आवाजाने कान हळूहळू गेले, आणि ओठ बघायची सवय एवढी मुरलेली की कान गेल्याचं घरात कुणाला समजलंच नाही.

घरी आल्यावर मी त्यांच्यासमोर बसले. "आई, सांगायचं नाही का?"

"सांगून काय झालं असतं? तुम्ही सगळे मोठ्याने बोलायला लागला असतात. मोठ्याने बोललं की तोंड वाकडं होतं. मग मला वाचता येत नाही."

आठ वर्षांत मी मनातल्या मनात त्यांना काय काय म्हटलं होतं, ते आठवून मला रडू आलं. त्यांनी पदराने माझं तोंड पुसलं. "गप. रडताना ओठ वेडेवाकडे हलतात, काय बोलतेस ते कळत नाही."

मॅडमच्या डोक्यात मात्र चक्र सुरू झालं होतं. केंद्रात येणाऱ्यांपैकी कितीतरी जण कानाने अधू. कुणी लाजून मागच्या बाकावर बसायचं, कुणी चार दिवसांत येणं बंद करायचं. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही यांना शिकवा." सासूबाईंनी हात झटकले. "त्यात शिकवायला काय आहे? बघायचं, झालं." पण मॅडमनी फळ्यावर जाहीर करूनही टाकलं. सोमवार, गुरुवार, चार वाजता.

पहिल्या दिवशी सहा जण आले. सासूबाई उभ्या राहिल्या आणि कारखान्यात बोलायच्या त्या वेगाने, आवाज न काढता, भरभर बोलत सुटल्या. सहा कोरे चेहरे. त्यांनी पुन्हा तेच केलं. तेव्हा एक निवृत्त बस ड्रायव्हर उठले. "आम्ही बहिरे आहोत. मूर्ख नाही," म्हणाले आणि निघून गेले. बाकीचे तास संपेपर्यंत थांबले, ते भिडेखातर.

घरी येऊन सासूबाई आरशासमोर बसल्या. जेवल्याही उशिरा. मग मला हाक मारली. "सूनबाई, इथे बस आणि आवाज न काढता एक शब्द बोल."

मी म्हटलं, "मीठ."

"पीठ."

"मीठ म्हटलं मी."

त्या चक्रावल्या. मग मी मामा म्हटलं, त्यांना बाबा वाटलं. बास म्हटलं, त्यांना पास वाटलं. आरशात बघून आम्ही दोघी पुन्हा पुन्हा बोलून पाहत होतो. प, ब, म, तिन्हींना ओठ सारखेच मिटतात. एकतीस वर्षं ओठ वाचणाऱ्या बाईला हे त्या दिवशी पहिल्यांदा कळत होतं.

"मग स्वयंपाकघरात मी मीठ द्या म्हटलं की तुम्ही मीठच कसं देता?"

"तुझ्यासमोर भाजी शिजत असते. भाजीत पीठ कोण घालेल?" त्या बोलता बोलता थांबल्या. "कारखान्यातही तसंच की. तिथे कुणी पीठ मागायला येत नव्हतं." मग म्हणाल्या, "म्हणजे मी निम्मं ओठांवरून घेते आणि निम्मं विषयावरून. आणि त्या बिचाऱ्यांना मी विषय सांगितलाच नाही."

दुसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन त्या ड्रायव्हरकाकांच्या घरी गेल्या. दार त्यांच्या बायकोने उघडलं. काका खुर्चीत रस्त्याकडे तोंड करून बसले होते. ऐकू कमी यायला लागल्यापासून त्यांनी बाहेर जाणं सोडलं होतं आणि घरातही बोलणं "हो-नाही"वर आणलं होतं. सासूबाई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या, एक हात वर धरला, जणू बसच्या दांडीला धरलाय, आणि बिनआवाजी काहीतरी बोलल्या.

काकांनी क्षणभर बघितलं. "पुढे सरका," ते सावकाश म्हणाले. "पुढे जागा आहे."

सासूबाई पुन्हा बोलल्या.

"सुटे पैसे द्या," काका म्हणाले, आणि हसायला लागले. त्यांची बायको स्वयंपाकघराच्या दारात हातातलं फडकं तसंच धरून उभी होती. "हे तर मी तीस वर्षं बसच्या आरशात बघत होतो. कंडक्टरचं तोंड दिसायचं, आवाज नाही."

"मग तुम्हाला निम्मं येतंच की, ड्रायव्हरसाहेब. उरलेल्या निम्म्यासाठी सोमवारी या. आणि वहिनींना आणा."

वहिनींना आणा, ही सासूबाईंची अटच होऊन बसली. त्या म्हणायच्या, ऐकण्याचं निम्मं काम बोलणाऱ्याने करायचं असतं. उजेडाकडे तोंड करा. तोंडापुढे हात नको. खाताखाता बोलू नका. ओरडू नका. आणि काही सांगायच्या आधी कशाबद्दल सांगताय ते सांगा. कॉम्प्युटरच्या सरांच्या मिशा भरघोस होत्या. एकदा सगळ्यांदेखत त्यांना म्हणाल्या, "सर, मिशी थोडी वर घ्या. निम्मा कॉम्प्युटर तिच्यातच अडकतोय." सरांनी पुढच्याच आठवड्यात ती कापून बारीक केली.

वर्ग त्यांनी शिवणाच्या खोलीत हलवला. आठ शिलाई मशिनी एकदम सुरू झाल्या की ज्याला ऐकू येतं तोही न ऐकणाऱ्याच्या बरोबरीला येतो, असा त्यांचा हिशेब. बघता बघता शिवणाच्या बायकाही त्यात ओढल्या गेल्या. आवाज न करता कुचाळक्या करता येतात म्हटल्यावर कोण सोडेल? चार वर्षांत तो वर्ग केंद्राचा कणा झाला. कानाचे डॉक्टर स्वतः माणसं पाठवायला लागले. डॉक्टरांनी सासूबाईंना कानाचं मशीन दिलं होतं, ते त्या सणकून शिव्या देत घालायच्या. म्हणायच्या, त्यात माणसं कमी आणि पंखा जास्त ऐकू येतो.

पाचव्या वर्षी त्यांचं चुकायला लागलं. कुणी विचारलेलं एक, उत्तर दुसरंच. आम्हाला वाटलं, वय. ओळखलं ते ड्रायव्हरकाकांनी. त्यांनी मुद्दाम खिडकीच्या उजेडात उभं राहून एक साधा प्रश्न विचारला आणि त्याचंही उत्तर चुकलं. वर्ग सुटल्यावर ते आमच्याबरोबर घरापर्यंत चालत आले.

"बाई," ते त्यांना बाईच म्हणत, "तुमचे डोळे दाखवून घ्या. मी बस चालवलीय. समोरची काच धूसर झाली की माणूस कसा गाडी हाकतो, ते मला कळतं."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सासूबाईंना सहा महिने ठाऊक होतं. ऑपरेशनचं नाव काढलं की त्या विषय बदलायच्या. मी पाठ धरली तेव्हा एकदाच बोलल्या. "कान गेले ते गेले. यात काही बिघडलं तर मी भिंत होईन गं. तुम्ही माझ्याशी बोलणार कसं?"

मी ते काकांना सांगितलं. ते दुसऱ्या दिवशी वहिनींना घेऊन आले. सासूबाईंना डोळे मिटायला सांगितले आणि त्यांचा तळहात हातात घेऊन वहिनींनी बोटाने त्यावर अक्षरं काढली. सावकाश, एक एक. सासूबाई ओठांनी जुळवत गेल्या. "च... हा... टा... का. चहा टाका." डोळे उघडून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "टाक बाई. पाहुणे आलेत."

ऑपरेशन एकेका डोळ्याचं, मध्ये महिनाभराचं अंतर. पहिल्या डोळ्याला पट्टी असेपर्यंत, दुसरा धूसरच म्हणून, वर्गातली माणसं पाळीपाळीने घरी येऊन त्यांच्या हातावर लिहून जायची. शिवणवर्गातल्या एकीने तर पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या भांडणांचा वृत्तांत दिला, तासभर. त्या दोन महिन्यांत वर्ग ड्रायव्हरकाकांनी चालवला. दोन्ही डोळे स्वच्छ निघाले. पट्टी सुटल्यावर सासूबाई म्हणाल्या, "अगंबाई, तुझे केस पांढरे कधी झाले?"

आज त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. नव्यांचा वर्ग काका घेतात, जुन्यांचा त्या. काका फार भराभर पुढे नेतात अशी त्यांची तक्रार, आणि बाई फार रेंगाळतात अशी काकांची. हा वाद ते दोघं हॉलच्या दोन टोकांना उभे राहून घालतात, आवाज न करता, आणि मधल्या बाकांवर बसलेली वीस-पंचवीस माणसं माना इकडून तिकडे वळवत तो वाचत असतात. मॅडम म्हणतात, एवढा चांगला सराव दुसरा नाही.