बाबांच्या आवाजात घेतलेलं घर

डोंगरात घर घेतल्याची गोष्ट म्हटल्यावर तुम्ही आता कशाची वाट बघायलात ते मला माहीत आहे. धुकं येणार, पाखरं बोलणार, शहरात जीव घाबरा झालेला एक माणूस दगडावर बसून डोळे मिटणार आणि त्याला आयुष्याबद्दल एकदम काहीतरी कळणार. नक्को. आपल्या गोष्टीत पाखरू एकच आहे, ते कोंबडं आहे आणि ते माझ्या चपलेवर घाण करून गेलं. धुकं होतं, पण आम्ही पोचेपर्यंत उठून गेलं होतं.

मी नकला करतो. पोटासाठी नाही. पोटासाठी एका कंपनीत फोनवर बसतो आणि लोकांना त्यांचं इंटरनेट का बंद पडलं ते सांगतो. नकला सवयीने. दहावीपर्यंत मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मामाकडे होतो. तिथं एकदा हेडमास्तरांच्या ऑफिसच्या खिडकीमागून त्यांच्याच आवाजात "आज अर्धी सुट्टी, पोरांनो" एवढंच म्हटलं, तर दोन वर्ग घरी गेले. हेडमास्तरांनी मला छडीने हाणलं आणि गॅदरिंगला स्टेजवर तोच आवाज काढायला लावला. तेव्हापासून माझं डोकं फिरलं ते फिरलंच.

पण माझा सगळ्यात भारी आवाज म्हणजे बाबांचा. बाबा हैदराबादला आबिड्सच्या एका सरकारी कचेरीत जन्मभर कागद पुढं सरकवून गेल्या वर्षी रिटायर झाले. घरातसुद्धा कागदासारखं बोलतात. "सदर भाजीत मीठ कमी आहे." आई म्हणते, "मग अर्ज द्या." फोन उचलताना दोनदा खाकरतात आणि म्हणतात, "जय भीम. बोला." समोर बँक असो, गॅसवाला असो, नाहीतर राँग नंबर. कर्ज हवंय का विचारणाऱ्या पोरीसुद्धा बिचाऱ्या गडबडून "जय भीम सर" म्हणून मोकळ्या होतात.

आम्ही राहायचो बेगम बाजारात, मिरचीच्या गोदामाच्या वर. खाली पोती रिकामी व्हायला लागली की वर आम्ही तिघं खोकायला लागायचो, आई सगळ्यात जास्त. रस्त्याकडची खिडकी उघडलेली मी कधी पाहिलीच नाही. पाहुणे यायचे, पाणी प्यायचे, दोन शिंका द्यायचे आणि जायचे. बाबा रिटायर झाले त्या दिवशी हार-शाल घेऊन घरी आले, तर आई म्हणाली, "एवढी वर्षं तुम्हाला काही मागितलं नाही. आता मला अशा ठिकाणी न्या, जिथं खिडकी उघडून स्वयंपाक करता येईल."

"कुठं?" बाबा म्हणाले.

"डोंगरात. तिथवर मिरची चढत नाही."

बाबांनी हा सरकारी आदेश समजून कामाला सुरुवात केली. त्यांना पाहिजे होता आपला मराठी मुलूख, म्हणजे साताऱ्याच्या पलीकडचा डोंगर. मी मोबाईलवर जाहिराती शोधायचो, ते फोन लावायचे. शेतजमीन घ्यायची तर शेतकरी असल्याचा दाखला लागतो, आणि आमच्याकडे कुंडीसुद्धा नाही. म्हणून गावठाणातलीच घरं बघायची असं ठरलं.

पहिल्या ठिकाणी बाबा म्हणाले, "जय भीम. घराबाबत बोलायचं होतं." पलीकडचा माणूस लगेच म्हणाला, "इकलं ओ ते." दुसऱ्या दिवशी जाहिरात तिथंच. आठवड्याने दुसऱ्या ठिकाणी तेच. तिथं तर माणसाने आधी बाबांचं आडनाव विचारलं, मग घरात भावाभावांची भांडणं निघाली. बाबा फोन ठेवून म्हणाले, "प्रकरण बंद." आणि चष्मा पुसत बसले. आई खोकत होती.

तिसरं घर एका म्हाताऱ्याचं. फोटो त्याच्या नातवाने टाकले होते, खाली लिहिलं होतं, 'आजोबा स्वतः बोलतील.' बाबांनी आपला नंबर कळवून ठेवला. आता बाबांचा नियम असा की सकाळी नऊला अफझलगंजच्या लायब्ररीत पेपर वाचायला जायचं आणि फोन घरी चार्जिंगला ठेवायचा, कारण लायब्ररीत फोन वाजला तर इज्जत जाते. मला त्या महिन्यात दुपारची शिफ्ट. तर एक दिवस साडेनऊला बाबांचा फोन वाजला.

"हैद्राबादवालं काय?" एक आवाज, दगडावर दगड घासल्यासारखा. "म्या घराचा मालक बोलतुय."

मी सांगायला पाहिजे होतं की बाबा बाहेर गेलेत. सांगणारच होतो. पण मला ती दोन गेलेली घरं आठवली, आणि गळा आपोआप दोनदा खाकरला.

"रामराम," मी बाबांच्या आवाजात म्हणालो. "बोला."

बस. तिथून तीन आठवडे रोज, बाबा लायब्ररीत आणि आई भाजीला गेलेली असताना. म्हाताऱ्याला घर विकायची घाई नव्हती, माणूस पारखायची होती. पुण्याच्या दोन पार्ट्या त्याने परत पाठवल्या होत्या, कारण त्यांना शनिवार-रविवारपुरतं घर पाहिजे होतं. "घर म्हंजी काय सिनेमाचं थेटर हाय व्हय? हप्त्याला यायचं?" त्याला तिथं राहणारा माणूस हवा होता. मी म्हणालो, आम्ही राहणार. म्हणाला, गुरं पाळलीत का? मी म्हणालो, लहानपणी. म्हणाला, मंडळी सैपाक कशावर करत्यात? मी म्हणालो, "आबा, तिला फक्त खिडकी पाहिजे." हे एक खरं होतं. म्हातारा खूश झाला. "सैपाकघराला दोन हायत," म्हणाला.

आणि मग त्याने विचारलं, "भजनात बसता का?"

मी बाबांच्या आवाजात इतका मुरलो होतो की खरे बाबा भजनात बसतात का, हे डोक्यातच आलं नाही. "बसतो की."

"काय वाजवता?"

आता टाळ म्हटलं असतं तर मरत होतो का? पण नकलाकाराला साधं सांगवत नाही. "पखवाज," मी म्हणालो.

म्हातारा हळूच म्हणाला, "आमचा पखवाजवाला दोन सालामागं वारला. आता नुसतं टाळ कुटतुय आमी. या तुमी. घर तुमचंच समजा."

त्या दिवशी बाबा लायब्ररीतून आले तेव्हा मी सांगितलं, "तुमच्यामागं आबांचा फोन आला होता. मी बोललो. घर बघायला बोलावलंय." यात खोटं काही नव्हतं, बरं का. फक्त जे खरं होतं ते कमी होतं. बाबांनी विचारलं, "आपण कोण ते सांगितलंस?" मी म्हणालो, "सगळं बोलणं झालंय." आई तोवर पिशवी भरायला लागली होती.

बसने साताऱ्याला, तिथून दुसऱ्या बसने घाट चढून, सकाळी दहाला आम्ही गावात उतरलो. घर लांबूनच दिसलं. दगडी जोतं, वर कौलं, पुढं सोपा, मागं फणसाचं झाड. आईने ते बघून पदर नीट केला, जसं काय घरच तिला बघायला आलंय. सोप्यावर म्हातारा बसला होता, धोतर, पागोटं, हातात काठी. आणि त्याच्याभोवती सात-आठ माणसं, गळ्यात टाळ. मध्ये सतरंजीवर पखवाज. त्याच्या एका तोंडाला ताजी ओली कणीक लावून ठेवलेली, वाजवणारा बसला की थाप पडायची बाकी.

मी म्हणालो, "बाबा, आधी आपण मागून घर बघू या का?"

बाबा पायरीपाशी थांबले, दोनदा खाकरले आणि हात जोडून म्हणाले, "जय भीम."

टाळ वाजवणाऱ्यातला एक जण दुसऱ्याकडे बघायला लागला. म्हाताऱ्याने डोळे बारीक केले.

"जय भीम," तो म्हणाला. "पर फोनवर तर रामराम म्हणत हुता की."

"मी?" बाबा म्हणाले. "मी आपल्याशी फोनवर कधीही बोललेलो नाही."

"आवो, तीन आठवडं रोज बोलतुय! आवाज त्योच हाय. थांबा." म्हाताऱ्याने डोळे गच्च मिटले. "बोला परत."

"सदर बाबतीत काहीतरी गैरसमज झालेला आहे," बाबा म्हणाले.

"त्योच!" म्हाताऱ्याने काठी आपटली. "ह्योच माणूस! म्हनला गुरं पाळली, म्हनला पखवाज वाजवतो."

बाबांनी पखवाजाकडे बघितलं. मग हळूहळू माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात ते कोंबडं आलं आणि माझ्या चपलेवर कार्यक्रम उरकून गेलं, पण मला हलायची हिंमत नव्हती.

"आवाज माझा आहे," बाबा म्हाताऱ्याला म्हणाले. "बोलणारा हा आहे."

म्हाताऱ्याने काठीचं टोक माझ्या छातीला लावलं. "बोल."

"आबा, माझं जरा..."

"तसं न्हाई. तसं बोल."

काय करणार? खाकरलो आणि बाबांच्या आवाजात म्हणालो, "रामराम आबा. कळावे."

टाळवाल्यांपैकी एक जण तोंडावर हात दाबून हसला, मग दुसरा, आणि मग सगळ्यात वाईट म्हणजे आई. ती पायरीवर बसूनच हसायला लागली. इतकं हसली की डोळ्यांत पाणी. मला वाटलं, सुटलो. पण दोन म्हातारे हसले नाहीत. म्हणजे एक म्हातारा आणि एक बाबा.

"तुमास्नी पखवाज येतो का न्हाई?" म्हाताऱ्याने बाबांना विचारलं.

"नाही. मी तीस वर्षं फक्त शिक्के मारले."

म्हातारा उठला आणि आत गेला. एका माणसाने पखवाज उचलला, खांद्याला लावला आणि चहाला न थांबता निघून गेला. पखवाज वाजणार नाही म्हणून गेला, का बाबा पायरीवर 'जय भीम' म्हणाले म्हणून गेला, ते मला आजपर्यंत माहीत नाही. बाबांना माहीत असावं. त्यांनी त्याच्या पाठीकडे बघितलं आणि चष्मा पुसला.

आई आत गेली होती. स्वयंपाकघरातून खाडकन आवाज आला. खिडकी घट्ट बसली होती, तिने बुक्की मारून उघडली. मग दुसरी. मी दारातून बघितलं तर ती खिडकीत उभी राहून नुसता श्वास घ्यायली होती. खोकला नाही, काही नाही. वळून मला म्हणाली, "हे घर जर तुझ्यामुळं गेलं ना." आणि परत खिडकीकडे वळली. तोपर्यंत मला नक्कल गमतीचीच वाटत होती, खरं सांगतो.

म्हातारा चहा घेऊन बाहेर आला. एक कप बाबांना, एक आईला, एक स्वतःला. मला नाही. म्हणाला, "पुण्यावाल्यांनी निदान त्वांडावर खरं सांगितलं. ह्या पोरानं माज्याशी तीन आठवडं कुणाच्या नावानं गप्पा मारल्या? म्या ह्याला फणस कवा उतरवायचा ते सांगितलं. माजी म्हातारी कशी गेली ते सांगितलं. कुनाला सांगितलं म्या ते?"

बाबा म्हणाले, "मला सांगा. मी ऐकतो."

मग ते दोघं सोप्यावर बसले. मला अंगणात हाकललं. मी फणसाखाली उभा राहून लांबून बघत होतो. आधी म्हातारा बोलला, मग बाबा. बाबा एवढा वेळ सलग बोललेले मी कधी पाहिले नव्हते. त्यांचं गाव, हैदराबाद, ऑफिस, मिरची, आई. ऐकू येत नव्हतं, पण हातवारे कळत होते. टाळवाले कंटाळून एकेक उठून गेले. ऊन पायरीवरून खाली उतरलं. शेवटी म्हाताऱ्याने आईला हाक मारली, "वैनी, सैपाकघराच्या खिडक्या पावसात लावायला लागतील बगा, न्हाईतर पाणी येतंय." आईने माझ्याकडे बघितलं. घर मिळालं होतं.

मला लई आनंद झाला. गावाबाहेरच्या स्टॉपवर आम्ही परतीच्या बसची वाट बघत होतो, आणि मी म्हणालो, "बघा, शेवटी झालं ना काम!"

"गप," आई म्हणाली. "मी हसले म्हणून सुटलास असं समजू नको. ते हसू आलं, त्याला मी काय करू?"

बाबा रस्त्याकडे बघत बोलले, आणि यावेळी कागदासारखं नाही.

"तुला वाटलं, बाबांना बोलता येत नाही. म्हणून घरं जातात."

"तसं नाही, बाबा."

"तसंच आहे. मी पहिला शब्द तोच बोलतो, कारण ज्याला फोन ठेवायचा त्याने तेव्हाच ठेवावा. घर घेतल्यावर, सामान लावल्यावर, तुझी आई विहिरीवर गेल्यावर ठेवू नये. दोन घरं गेली ती मी घालवली, विचार करून घालवली. तुझ्या आईला विचार, तिला ठाऊक होतं. आणि तू माझ्या तोंडातून तोच शब्द काढून टाकलास. बाकी गुरं सांगितलीस, वाद्य सांगितलंस, ते मूर्खपणा म्हणून सोडून देतो. पण हा म्हातारा बरा निघाला नसता तर? रोज दार वाजलं असतं तर मी कुणाच्या आवाजात उघडणार होतो? तुला हैदराबादहून बोलावून घेणार होतो?"

मी मान खाली घातली. सवयीने गळा खाकरला गेला.

"खबरदार," बाबा म्हणाले. "माफी मागायची तर तुझ्या आवाजात माग. नसेल येत तर गप्प बस."