बाथटबमधली तीन पिल्लं

चादरमावशी तापट आहे हे हॉटेलात सगळ्यांना ठाऊक होतं. एकोणीस वर्षं दुसऱ्या मजल्यावरच्या बारा खोल्या तिच्याकडे. चादर अशी ताणून बसवायची की सुरकुतीची काय बिशाद. त्यावरूनच नाव पडलं. गादीवर ओला टॉवेल टाकलेला दिसला की ती पुटपुटायची, "घरी कुणी कान धरत नाही मेल्यांचा!" पण खोलीचं दार लागलं की राग तिथेच राहायचा.

तिची मुलगी खाली रिसेप्शनवर होती. आईने खोल्या पुसून शिकवलेली, आता इस्त्रीचा कोट घालून हसतमुखाने किल्ल्या देणारी. लिफ्टपाशी समोरासमोर आल्या तर दोघी ओळख दाखवत नसत. हे मुलीनेच ठरवलेलं. मावशी म्हणायची, "मला काही वाटत नाही." म्हणजे वाटत होतं.

त्या दिवशी साडेदहाला चौदा नंबरच्या दारावर 'खोली साफ करा'ची पाटी होती. मावशी ट्रॉली बाहेर ठेवून आत गेली. बाथरूममधून हसण्याखिदळण्याचा आवाज येत होता. दार उघडंच होतं.

टब अर्धा भरलेला. त्यात पावाचे तुकडे तरंगत होते आणि काडेपेटीएवढी तीन पिल्लं. कासवाची. दोन टबाच्या कडेला डोकं आपटत पाय मारत होती. तिसरं उताणं पडलेलं, हलत नव्हतं. दोन मुलं टबाशी वाकलेली, त्यांची आई फोन धरून उभी, बाप आरशापाशी.

"मावशी, टब नंतर धुवा," बाप म्हणाला. "मुलं खेळतायत."

"कुठून आणलीत ही?"

"सकाळी फिरायला गेलो होतो. वाळूतून चालली होती बिचारी. वर कावळे घिरट्या घालत होते. वाचवली आम्ही."

"कावळ्यांच्या तोंडून काढून नळाच्या पाण्यात मारलीत?"

"कासव पाण्यातच राहतं ना?"

"समुद्रात राहतं! गोड्या पाण्यात त्याचा जीव जातो. हे बघा, गेला एकाचा!"

मावशी बाहेर जाऊन ट्रॉलीतली धुतलेली बादली घेऊन आली. गुडघ्यांवर बसून तिने टॉवेल भिजवून पिळून तळाशी अंथरला, आणि दोन्ही पिल्लं अलगद त्यावर ठेवली. किनाऱ्यावर कासवांची घरटी राखणारा एक म्हातारा होता, राखणदारच म्हणायचे त्याला. गेल्या वर्षी त्याने हॉटेलच्या लोकांना बोलावून सांगितलं होतं: पिल्लू सापडलं तर पाण्यात टाकू नका, ओलसर कापडात ठेवा आणि मला हाक मारा. तेव्हा बाकीचे घड्याळ बघत होते. मावशीने ऐकलं होतं.

"ओ, कुठे नेताय?" बाप दारात आडवा आला. "आमची आहेत ती."

"तुमची? अंडी तुम्ही घातलीत का?"

थोरलं पोर फिस्सकन हसलं. बापाचा चेहरा लालबुंद झाला. "तुम्ही आम्हाला शिकवणार? इथलेच लोक अंडी उकरून विकायचे. मला माहीत आहे सगळं."

मावशी थांबली. हे तिला लागलं, कारण खरं होतं.

"विकायचे," ती म्हणाली. "माझा बाप उकरायचा आणि मी फ्रॉकच्या ओच्यात घालून दारोदार विकायची. घरात चूल पेटत नव्हती. तरी पाप ते पापच, मी नाही म्हणत नाही. पण साहेब, तुमच्या घरची कुठली चूल विझली होती?"

तो बाजूला झाला.

बादली घेऊन मावशी पुढच्या जिन्याने उतरली. त्या जिन्यावर बादली न्यायला सक्त मनाई होती. रिसेप्शनवर चार पाहुणे उभे. मुलीने हसू तसंच ठेवून दातांतून म्हटलं, "मागच्या दाराने जा."

"राखणदाराला फोन लाव."

"मॅनेजर बघतील..."

"फोन लाव म्हणते ना!"

पाहुणे वळून बघू लागले. मुलीने फोन लावला.

राखणदार सायकल दामटत आला. बादलीत डोकावून त्याने ती सायकलला अडकवली आणि किनाऱ्याकडे वळला. दुपारी त्याचा निरोप आला. एक समुद्राच्या दिशेने चालत गेलं. दुसऱ्याने वाळूवर पोहोचायच्या आधीच जीव सोडला. मावशी चादरींच्या खोलीत जाऊन बसली. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. पण आला तो संतापच, आणि तो कुणावर काढायचा ते कळेना.

संध्याकाळी मॅनेजरने बोलावलं. चौदा नंबरने तक्रार केली होती. इंटरनेटवर वाईट लिहू म्हणत होते. मॅनेजरने माफीपत्र मुलीकडूनच टाइप करून घेतलं होतं; तीही टेबलापाशी उभी होती.

"मावशी, एक सही. विषय संपला."

"तीनातली दोन मेली. माफी कोण कुणाची मागणार?"

"आई, कर ना सही!" मुलगी ओरडली. "नोकरी जाईल!"

मॅनेजर चमकला. ही हिची आई, हे त्याला आजवर ठाऊक नव्हतं.

मावशीने कागदाची घडी केली आणि टेबलावरच ठेवून दिली. "जाऊ दे."

नोकरी गेली नाही. मजला गेला. दुसऱ्या दिवसापासून तिला तळघरातल्या लॉन्ड्रीत टाकलं, वाफेत आणि मशिनांच्या धडधडीत. घरी मायलेकी तीन दिवस बोलल्या नाहीत. ताट वाढलं की भांडीच काय ती वाजायची.

चौथ्या दिवशी मुलगी कोटासकट लॉन्ड्रीत उतरली. वाफेने केस चिकटले तरी हलेना.

"किल्ली देताना मी आता प्रत्येकाला सांगते," ती म्हणाली. "किनाऱ्यावरच्या जिवाला हात लावला, खोलीत आणलं, तर त्याच दिवशी खोली रिकामी करावी लागेल. हॉटेलचा नियम आहे."

"असा नियम आहे?"

"नाही."

"मग कुणी विचारलं तर?"

"कोट घालून सांगितलं की विचारत नाहीत."

मावशीला हसू आलं, पण तिने ते दाखवलं नाही. एवढ्यात कशाला? "मॅनेजरला कळेल," ती म्हणाली.

"कळू दे."

मॅनेजरला महिन्याने कळलं. तोवर पाहुणे आता पिल्लांना हात लावत नाहीत म्हणून राखणदार हॉटेलात येऊन जाहीरपणे आभार मानून गेला होता, त्यामुळे मॅनेजरने नियम आपलाच असल्यासारखी मान डोलावली आणि खोल्यांमध्ये छापील कागद लावला: 'कृपया सागरी जिवांना त्रास देणे टाळावे.' मावशीने तो वाचला आणि तिचा तिळपापड झाला. "कृपया? चोराला कुणी कृपया म्हणतं का?"

पुढच्याच आठवड्यात एका पाहुण्याची पँट धुवायला आली. मावशीने सवयीने खिसे चाचपले. आत कागदी रुमालात गुंडाळलेला तारामासा होता. अजून ओला, एक पाय अर्धा तुटलेला. तिने त्याला बोट लावून पाहिलं. हलला नाही.

पँटला खोलीचा नंबर टाचलेला होता. तिने मशीन बंद केलं, तारामासा तळहातावर घेतला आणि ओल्या एप्रनातच पुढच्या जिन्याने वर निघाली.