दोन क्लचची गाडी आणि कावळा

माझा भाऊ गुरुवारी गेला. पुण्यात, ऑफिसात, खुर्चीत. जेवून तो बसला आणि नंतर उठला नाही.

तो माझ्याहून धाकटा. लग्न केलं नव्हतं. मी लोहाऱ्याला कॉलेजच्या ग्रंथालयात आहे आणि माकणीत आईबरोबर राहतो. तो पुण्यात राहायचा, आणि पगाराचं काय करतोस असं कुणी विचारलं की गाडीकडं बोट दाखवायचा. त्या गाडीचा जोर त्यानं एका मित्राच्या गॅरेजात वाढवून घेतला होता. इंजिनाला हुकूम देणारा एक छोटा संगणक असतो, त्यातले हुकूम बदलले की तेच इंजिन कितीतरी जास्त ताकद लावतं, असं त्यानं मला एकदा जेवताना सांगितलं होतं. मी मान डोलवली होती. नंतर बराच वेळ तो गाडीबद्दल बोलत राहिला आणि मी ताटातली भाकरी मोडत राहिलो.

दहाव्याला आम्ही तेरणेच्या काठी बसलो. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. कावळे होते, बाभळीवर बसलेले होते, पण खाली यायला एकही तयार नव्हता. कावळा शिवला नाही की गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय असं धरतात, आणि मग मागं राहिलेली माणसं एकेक वचन देऊन बघतात. आमच्या बाजूनं हे काम चुलत्यांनी अंगावर घेतलं. ते लोहारा-माकणी जीप चालवतात. आयुष्यभर स्टँडवर गिऱ्हाइकाला हाका मारल्यामुळं त्यांचा आवाज धरणाच्या भिंतीपर्यंत जातो.

"तुझ्या आईला काय कमी पडू देत न्हाय!" ते बाभळीकडं बघून ओरडले.

कावळ्यानं मान वळवली.

"वरीसश्राद्ध थाटात करतो!"

काही नाही.

"बांधावरची चिंच तोडत न्हाय!"

"चिंचंचं त्येला काय असतंय," मागून कुणीतरी म्हणालं. "गाडीचं बोला की, तात्या."

"गाडी इकत न्हाय!"

एक कावळा फांदीवरून खालच्या फांदीवर आला. गिऱ्हाईक वळतंय हे चुलत्यांना चांगलं कळतं. त्यांनी आवाज जरा खाली आणला. "हाय तशीच ठिवतो. एक खिळा हालवत न्हाय." कावळा जमिनीवर उतरला. "अन् तुझा दादाच चालवंल ती!"

कावळ्यानं भाताला चोच लावली.

मला कुणी विचारलं नव्हतं. मी स्कूटी चालवतो. गाडीचं लायसन आहे, पण ते ओळखपत्र म्हणून दाखवायलाच वापरलेलं. आई मात्र पदरानं डोळे पुसत म्हणाली, "सुटलं माझं लेकरू." त्यानंतर माझ्या मताला काही जागा उरली नाही.

गाडी त्या गॅरेजवाल्या मित्रानंच पुण्याहून आणून दिली. निळी, बुटकी गाडी. चुलत्यांनी दार उघडलं, आत बसले, खाली वाकले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत.

"क्लच कुठाय हिचा?"

"दोन आहेत, काका," मित्र म्हणाला.

"दोन? पायात तर एक बी न्हाय."

"ते आत असतात. गाडीच दाबते, गाडीच सोडते."

"मंग माणूस काय करतो?"

"बसतो."

चुलते उतरले आणि दार लोटून म्हणाले, "असल्या गाडीला डायवर कशाला पायजे? फोटो ठिवला तरी चालंल." हे बोलल्यावर त्यांना कुणाबद्दल बोललो ते कळलं आणि ते हौदाकडं तोंड धुवायला गेले. मित्र चहा घेऊन, आईच्या पाया पडून एसटीनं परत गेला. जाताना त्याला काही सांगायचं असावं. तो दोनदा गाडीपाशी थांबला. पण अंगणात रडारड चालली होती, आणि अशा वेळी गियरबॉक्सबद्दल बोलायचं कसं, हे त्यालाही सुचलं नसेल.

पहिल्या दिवशी चुलते माझ्या शेजारी बसले आणि आई मागं. लोहाऱ्याच्या वाटेवर एक चढ आहे. त्या चढावर आमच्या पुढं उसाचा ट्रॅक्टर होता, दोन ट्रेलर जोडलेला, बैलगाडीच्या गतीनं.

"काढ भाईर," चुलते म्हणाले.

मी गाडी बाहेर काढली.

"दाब!"

मी पाय थोडा दाबला.

"आरं दाब की! ग्रंथालय हाय का हे?"

मी पाय तळापर्यंत दाबला. गाडीनं असा आवाज काढला की बांधावरची मेंढरं पळाली. इंजिनाचा काटा उठला आणि लाल पट्ट्याकडं गेला. दुसरा काटा, वेग दाखवणारा, होता तिथंच बसून राहिला. आम्ही ट्रॅक्टरच्या बरोबरीनं, गर्जना करत, चालत्या माणसाला सोबत करता येईल इतक्या हळू चढत राहिलो. ट्रॅक्टरवाल्यानं आमच्याकडं बघितलं, मग कौतुकानं गाण्याचा आवाज कमी केला. समोर एक पिवळा दिवा लागला. मी घाबरून पाय काढला आणि ट्रॅक्टरच्या मागं परत लागलो. तेवढ्यात मागून लोहाऱ्याची एसटी आली आणि ट्रॅक्टरला नि आम्हाला एका दमात मागं टाकून गेली. कंडक्टर दारातून वाकून आमच्याकडं बघत होता.

"क्लचप्लेट गेल्या," चुलते म्हणाले. "दोन असून."

मागून आई म्हणाली, "गेल्या न्हाईत. त्यो अडकलाय. जोर करायलाय अन् जाता येईना त्येला."

त्या दिवसापासून आईचं जेवण अर्ध्या भाकरीवर आलं. कावळ्याला आपण फसवलं, असं तिच्या मनानं घेतलं होतं. गाडी धाकट्याची, वचन त्याला दिलेलं, आणि ती चालत नाही, म्हणजे तो सुटलेला नाही. यातली एकही कडी मला तोडता येईना. मी पुस्तकांतला माणूस. मला पटवून देता येतं, पण जेवायला लावता येत नाही.

मी मित्राला फोन केला. त्यानं सांगितलेलं मला समजलं ते असं. विहिरीतून पाणी शेंदताना आपण दोर दोन हातांनी आळीपाळीनं ओढतो. एक हात सोडतो तेव्हा दुसऱ्यानं धरलेला असतो, म्हणून घागर कुठं थांबत नाही. या गाडीतले दोन क्लच म्हणजे ते दोन हात. एक गियर एकाकडं, पुढचा दुसऱ्याकडं. भावानं इंजिनाची ताकद वाढवली, म्हणजे घागरीत पाण्याऐवजी दगड भरले. हात मात्र तेच राहिले. जोरात ओढलं की दोर तळव्यातून सरकतो, तळवे भाजतात आणि घागर जागची हलत नाही.

"उपाय?"

"दोन आहेत, दादा. जास्त पकडीच्या प्लेटी बसवायच्या, नाहीतर इंजिन पहिल्यासारखं करायचं."

दोन्हींत खिळा हलत होता. घरात बैठक बसली.

"मी खिळा म्हणलं व्हतं," चुलते म्हणाले. "प्लेटी म्हणलं न्हवतं."

"त्येला कळलं तुमाला काय म्हणायचं व्हतं ते," आई म्हणाली. "अन् इंजिनाला तर हात लावायचाच न्हाय. त्येनं करून घेतलेलं हाय ते."

"मंग इचारू की त्येलाच परत."

महिन्याच्या श्राद्धाला चुलत्यांनी गाडीपुढं दोन पत्रावळी मांडल्या. उजवीकडची शिवली तर प्लेटी बदलायच्या, डावीकडची शिवली तर गाडी आहे तशी. दोन्हींवर भात, वरण, वडा सारखंच वाढलं होतं, कारण कावळ्यानं वड्यासाठी निकाल फिरवला असं नंतर कुणी म्हणायला नको. आम्ही ओसरीवर बसलो.

कावळा आला. त्यानं पत्रावळींकडं बघितलंही नाही. तो गाडीच्या बाजूच्या आरशावर बसला, वाकला आणि आत त्याला दुसरा कावळा दिसला. मग जी मारामारी सुरू झाली ती थांबेना. तो चोच मारायचा, उडायचा, परत यायचा. चुलते हात जोडून त्याला विषयावर आणायचा प्रयत्न करत होते. तेवढ्यात शेजारची शेळी दावं तोडून आली. तिनं आधी उजवीकडची पत्रावळ खाल्ली आणि मग डावीकडची, पानांसकट.

"शेळीचं धरत न्हाईत," चुलते म्हणाले.

मला हसू आलं. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा. आईकडं बघायला भीती वाटली, पण तीही पदराआड हसत होती. मग ती उठली, धाकट्याच्या बॅगेतून त्याचा एक मोजा घेऊन आली आणि आरशावर चढवला. कावळा निघून गेला. ती गाडीच्या टपावर हात ठेवून तिथंच उभी राहिली.

"त्यो असा दाबत न्हवता," ती म्हणाली.

"कोण?"

"तुझा भाऊ. मला पुण्याहून घिऊन यायचा तवा लई हळू यायचा. समदे फुडं जायाचे. मला वाटायचं गाडी म्हातारी हाय, लेकराला नवी घ्यायला जमत नसंल. म्या बोलले न्हाय कधी, त्येला वाईट वाटंल म्हणून."

मी पुन्हा फोन लावला. मित्र हसला. "बरोबर आहे काकूंचं," तो म्हणाला. "प्लेटी बसवायच्या राहिल्या होत्या. तोवर तो जपूनच चालवायचा. हलका पाय ठेवला तर त्या नीट धरतात. गाडी द्यायला आलो तेव्हा मला तुम्हाला तेच सांगायचं होतं. परवा फोनवर तुम्ही उपाय विचारलात, म्हणून मी दुरुस्तीचंच बोललो."

दुसऱ्या दिवशी आई पुढं बसली. चुलत्यांना आम्ही नेलं नाही. चढावर पुन्हा उसाचा ट्रॅक्टर होता. मी त्याच्या मागंच राहिलो.

"जरा दे," आई म्हणाली. "बास. आता सोड. आता परत दे, पर लईच थोडं."

ती डोळे मिटून बसली होती. भावाशेजारी बसून बसून तिला तो आवाज पाठ झाला होता. दोन्ही काटे बरोबर चढत होते. एक गियर कधी सुटला आणि दुसरा कधी धरला ते कळलंही नाही. चढ संपला तेव्हा तिनं डोळे उघडले.

"ह्यो त्येचा आवाज," ती म्हणाली.

घरी आल्यावर तिनं एक भाकरी खाल्ली आणि अर्धी आणखी मागून घेतली.

गाडी अंगणात आहे. इंजिन त्यानं करून घेतलं तसंच आहे, आणि प्लेटीही त्याच आहेत. रविवारी मी आणि आई अणदूरला खंडोबाला जाऊन येतो. मी पाय अर्ध्याच्या खाली नेत नाही. सगळे आम्हाला मागं टाकून पुढं जातात. गाडी उभी असते तेव्हा आरशावर त्याचा मोजा असतो.