‘लाव’ म्हणजे नेमकं काय

ऑफिसात त्यांना किसणीबाई म्हणत. शब्दाचा कीस काढल्याशिवाय बाई तो खाली ठेवत नाहीत, म्हणून. त्यांना हे ठाऊक होतं आणि त्याचा रागही नव्हता. आपल्या डब्यावर त्यांनी स्वतःच तेच नाव लिहून टाकलं होतं.

आधी चौदा वर्षं त्यांनी शिलाई मशिनच्या कारखान्यात माहितीपत्रकं लिहिली. पन्नाशीला टेकल्यावर त्या एका छोट्या कंपनीत आल्या. रोपवाटिकांच्या काचघरातले पंखे, खिडक्या, पाणी सांभाळणारं यंत्र तिथे बनत होतं. माळ्याला स्वतःच्या हाताने प्रोग्रॅम लिहिता यावा, म्हणून त्या यंत्रासाठी रोजच्या बोलण्यातली एक भाषा तयार होत होती. प्रत्येक कामाला एक फंक्शन, प्रत्येक फंक्शनला एक नाव, आणि ती नावं ठेवायचं काम बाईंचं. नावं ठेवायचा पगार मिळणारी बायको मला एकट्यालाच मिळाली, असं त्यांचा नवरा सगळ्यांना सांगायचा.

‘लाव’ हे फंक्शन त्यांचं लाडकं होतं. दिवा लाव, पंखा लाव, पंप लाव. चालू करायचं म्हणजे लाव, दोन अक्षरांत काम फत्ते. मालकांनाही ते एकदम पटलं.

थंडीत एका सकाळी माळीकाकांचा फोन आला. हे कंपनीचं पहिलं गिऱ्हाईक. गारठा वाढला की खिडकी लाव, असं त्यांनी यंत्राला लिहून दिलं होतं. पहाटे गारठा वाढला आणि यंत्राने काचघराच्या सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. टोमॅटोच्या रोपांचे तीन ट्रे माना टाकून पडले होते. काका चिडलेले नव्हते, चक्रावलेले होते.

“मी लाव म्हटलं आणि त्यानं उघडली,” ते म्हणाले. “माझं काय चुकलं?”

 खिडकी लाव म्हणजे बंद कर, हे बाई स्वतः घरात रोज बोलत होत्या. यंत्राला मात्र त्यांनीच शिकवलं होतं, की लाव म्हणजे चालू कर, आणि खिडकी चालू करायची म्हणजे यंत्राच्या लेखी ती उघडायची.

“तुमचं काही चुकलं नाही, काका. नाव मी ठेवलंय. चूक माझी.”

दुसऱ्या दिवशी त्या काकांकडे गेल्या आणि उपड्या क्रेटवर बसून, काका काम करताना काय बोलतात ते वहीत उतरवत राहिल्या. मग त्यांनी एक नेमच केला. नवं नाव तीन माणसांना सांगायचं, अर्थ सांगायचा नाही. तिघांनी एकच गोष्ट केली तरच नाव पक्कं. घरी ‘पडदा ओढ’ म्हटल्यावर सासूबाईंनी तो बंद केला, नवऱ्याने उघडला. दोघंही आपलंच खरं म्हणून अडून बसले, तोवर बाईंनी ‘ओढ’वर काट मारली होती. ‘नोंद काढ’ म्हटल्यावर काकांनी जुनी नोंद वाचायला घेतली. मालकांनी ती पुसून टाकली. तिथे ‘नोंद दाखव’ आणि ‘नोंद पुसून टाक’ अशी दोन नावं आली. ‘लाव’ गेलं, ‘उघड’, ‘बंद कर’, ‘चालू कर’ आली. जुन्या प्रोग्रॅममध्ये कुठे ‘लाव’ उरलंच, तर यंत्र आता आधी विचारायचं, उघडू की बंद करू?

नावं लांबली म्हणून मालक कुरकुरले. बाई शांतपणे म्हणाल्या, “चार अक्षरं जास्त पडतील. पण काकांना मला फोन करून अर्थ विचारावा लागणार नाही.” मालकांनी मान डोलावली आणि विषय तिथेच मिटला.

थंडी सरली तेव्हा त्या पुन्हा काचघरात गेल्या. नवी रोपं वीतभर झाली होती. काकांनी आता स्वतःचं एक फंक्शन लिहिलं होतं आणि ते यंत्राच्या भिंतीवरच्या स्क्रीनवर त्यांनी मोठ्या अभिमानाने दाखवलं: ‘काचेला घाम आला की खिडकी उघड’. बाईंनी ते दोनदा वाचलं. सवयीने हात पेनाकडे गेला, पण काट मारण्यासारखं काही सापडेना. मनातून त्या फार सुखावल्या. माहितीपत्रकात हे छापलं तर चालेल का, त्यांनी विचारलं.

“छापा की,” काका म्हणाले. “फक्त शुद्धलेखन तेवढं बघून घ्या.”