भरलेली घागर

एकोणीसशे त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात भूम तालुक्यातल्या एका गावात विहिरीवर पाण्याच्या पाळीवरून दोन बायकांचं भांडण झालं. एकीनं ढकललं. दुसरी आटलेल्या विहिरीत पडली आणि मेली. दोघी एकाच गल्लीत राहत होत्या.

मी तेव्हा एका साप्ताहिकाचा वार्ताहर होतो. बातमी भूमच्या एसटी स्टँडवर एका कंडक्टरनं सांगितली. मी गावात गेलो नाही. चार ओळी छापून आल्या. शेवटची ओळ होती : ढकलणारी बाई मदत न करता पळून गेली.

तिला शिक्षा झाली. काही वर्षांनी ती सुटून आली तेव्हा नवऱ्यानं दुसरी बायको केली होती. ती शाळेमागच्या पडक्या खोलीत राहू लागली. गावाजवळ रोजगार हमीचं पाझर तलावाचं काम चालू होतं. त्याची बातमी करायला मी गेलो, तिथं ती दिसली.

मातीनं भरलेली पाटी एकटीला डोक्यावर घेता येत नाही. समोरून कुणीतरी हात द्यावा लागतो. म्हणून मुकादम बायकांच्या जोड्या लावायचा. तिच्या जोडीला कुणी उभं राहत नव्हतं.

"जोडी न्हाय तर हजेरी न्हाय," मुकादम तिला म्हणाला. "आजचा दिस बघतो. मग दुसरं गाव बघ, बाई."

"तिकडं आयतं खाऊन हात गळाले व्हय गं?" एकीनं विचारलं. बाकीच्या हसल्या.

"तिथं बी दळतच व्हते," ती म्हणाली.

तेवढ्यात खड्ड्याच्या कडेनं एक म्हातारी आली. मेलेल्या बाईची आई. लेक तिनं गावातच दिली होती. हसणं थांबलं.

"तू पळालीस. पेपरात आलं व्हतं. मास्तरनं वाचून दाखवलं."

"माणसं बोलवाया पळाले, मावशी. त्याच्या आधी दोर सोडला व्हता. ती जित्ती व्हती, बोलत व्हती. तिची घागर खाली झऱ्याला लावलेली, ती भरली व्हती. 'घागर आधी घे,' म्हणली. तिनंच दोर बांधला. म्या घागर वर घेतली. पुन्हा दोर सोडला, तर कुणी धरला न्हाय."

"कोर्टात का न्हाय सांगितलंस?"

"घागरीचं कुणी इचारलंच न्हाय."



"भरलेली घागर काठावर व्हती," म्हातारी म्हणाली. "म्याच घरी नेली. कुणी वर काढली, कळत नव्हतं. दोन दिस तेच पाणी पिलो आमी."

मग तिनं वाकून पाटीचा एक काठ धरला. मुकादमानं दोघींची नावं लिहून घेतली.

पुढचे आठ दिवस मी त्या कामावर जात होतो. रोज पहिली पाटी उचलताना म्हातारी हात न सोडता विचारायची, "काय म्हणली व्हती ती?"

"घागर आधी घे."

मग पाटी डोक्यावर जायची. दिवसभर दोघी दुसरं काही बोलत नसत.

मी खुलासा लिहून दिला. इतक्या जुन्या बातमीचा खुलासा कोण वाचणार, असं संपादक म्हणाले. तो छापला गेला नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर काम बंद झालं. शेवटच्या हजेरीपटावर दोघींचे अंगठे एकाखाली एक आहेत.