उचलून न्यायच्या माणसांची यादी

वादळ येतंय अशी वर्दी द्यायची होती, आणि मी गावाला कोणीतरी गेल्याची वर्दी दिली.

आमच्या भुईगावात वादळाचा सराव ठरला होता. वादळात वीज सगळ्यात आधी जाते, मग भोंगा वाजणार कशावर? म्हणून तालुक्याहून आलेल्या साहेबांनी चर्चची घंटा पसंत केली. सरावाच्या समितीसाठी हात वर करण्याची घाई मलाच होती, त्यामुळे दोरी माझ्याकडे आली. घंटा भराभर वाजवायची, आणि ती ऐकून किनाऱ्याकडच्या लोकांनी शाळेत जायचं, एवढंच काम. पण लहानपणी चर्चमध्ये मिस्सेच्या उपासनेत फादरांच्या हाताखाली सेवा करायचो तेव्हा मला एकच घंटा शिकवली होती, मयताची. एक टोला, मग थांबायचं, मग दुसरा. चाळीस वर्षांनी दोरी हातात आली आणि हाताने तेच केलं. शाळेत चिटपाखरू फिरकलं नाही. सगळं गाव चर्चच्या पायऱ्यांवर जमलं, बायका डोक्यावर पदर घेऊन, एक जण तर फुलं तोडूनच आला. साहेबांनी वहीत लिहिलं, गाव वेळेत जमले, जागा चुकली.

सगळ्यात पुढे माझा शेजारी होता. आमच्या दोघांच्या वाडीत एक कुंपण, आणि शाळेत दोघांचा एक बाक. काळी पँट चढवून आला होता. त्याने विचारलं, "कोण गेलं?" कोणी नाही म्हटल्यावर माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहून तो म्हणाला, "मग तुझी तब्येत बरी आहे ना?"

तेवढ्यावर तो थांबला असता तर मी विसरलो असतो. पण पुढचं अख्खं वर्ष मी दिसलो की तो घड्याळात बघायचा आणि विचारायचा, "आज कोण?" बेकरीत पाव घेताना आज कोण. रविवारी मिस्सा सुटल्यावर आज कोण. माझ्या पुतणीच्या लग्नात मी जेवणाची घंटी वाजवायला उठलो, तर व्याह्यांच्या देखत आज कोण. मी हसायचो. घरी येऊन केळीला पाणी घालताना मात्र त्याला मनात निरनिराळ्या पद्धतींनी विहिरीत ढकलायचो. रोज नवी पद्धत. इतक्या नेमाने मी प्रार्थनाही केलेली नाही.

दुसऱ्या वर्षी पुन्हा सराव ठरला. दोरी अर्थात काढून घेतली, आणि ज्यांना चालता येत नाही त्यांची यादी करायचं काम मला दिलं. घर कोणतं, अडचण काय, उचलणार कोण, असे तीन रकाने. गावाला स्ट्रेचर एकच, त्यामुळे क्रम महत्त्वाचा. पहिलं नाव माझ्या बायकोने सांगितलं, शेजाऱ्याच्या आईचं. म्हातारी दोन वर्षं खाटेवर होती, घर किनाऱ्याला सगळ्यात जवळ. पाणी चढलं तर आधी तिच्या खाटेखाली येणार. बायकोने तिला शब्द दिला होता, की पहिल्यांदा तुम्हालाच नेणार.

मी ते नाव लिहिलं. मग मला सुचलं. आणि सुचलं ते इतकं गोड होतं, की मी नवा कागद घेतला. पहिल्या ओळीत मुलगा, दुसऱ्या ओळीत आई. मुलाच्या अडचणीच्या रकान्यात लिहिलं: दोन्ही पाय अधू, वजन जास्त, लाजेपोटी नाही म्हणतील, ऐकू नये.

सरावाच्या सकाळी बचाव पथकाचे चार धट्टेकट्टे गडी स्ट्रेचर घेऊन त्याच्या वाडीत शिरले तेव्हा तो अळवाची पानं काढत होता. तो पळाला, हे मला मागाहून कळलं. अधू माणूस एवढा पळतो याचं त्यांना कौतुकच वाटलं म्हणे. पण कागदावर ऐकू नये लिहिलेलं. त्यांनी त्याला धरला, स्ट्रेचरला पट्ट्यांनी बांधला आणि बेकरीवरून, चर्चवरून, गावाच्या मधोमध वाजतगाजत नाही तरी बोंबलत आणला. मी शाळेच्या फाटकात उभा होतो. वर्षभर जपून ठेवलेलं वाक्य मी घड्याळात बघून उच्चारलं. "आज कोण?"

तो हसला नाही, शिवीही दिली नाही. त्याने विचारलं, "आईला आणलं?"

त्याच वेळी साहेबांनी शिट्टी वाजवली. वेळ संपली होती. ती सगळी त्याला पकडण्यात गेली होती.

आम्ही दोघे त्याच्या घरी गेलो, तो पुढे, मी मागे. म्हातारी खाटेवर बसली होती. ठेवणीतलं लाल लुगडं, विंचरलेले केस, मांडीवर पिशवी, तिच्यात गोळ्या, रोझरीची माळ आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं रेशनकार्ड. माझी बायको सकाळी सहापासून तिची तयारी करत होती. दोन वर्षांनी चर्च दिसणार म्हणून म्हातारीने चहासुद्धा घेतला नव्हता, वाटेत अडचण नको.

"वादळ गेलं का रे?" तिने मला विचारलं.

गेलं म्हणालो.

"मग मला न्यायला कोणी नाही आलं?"

शेजारी भिंतीकडे बघत म्हणाला, "आले होते आई. मला घेऊन गेले."

बायकोने माझ्या खिशातून यादीची प्रत काढली, उभ्यानेच वाचली, घडी घालून स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. मग खुर्ची आणली. आम्ही दोघांनी म्हातारीला खुर्चीवर बसवून चर्चपर्यंत नेलं. त्याने पुढची बाजू धरली, वजनाची मला दिली.  वाटेत दर वळणावर तो मुद्दाम वेग वाढवत होता, आणि माझी कंबर आजही त्याची आठवण काढते.

दुपारी जेवायला बसलो तर ताटाशेजारी नवी यादी, बायकोच्या अक्षरात. पहिलं नाव म्हातारीचं. सगळ्यात शेवटी माझं. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, रागावली तरी आठवण ठेवली.

आमटी वाढत ती म्हणाली, "नीट वाचा. तुमच्यापुढचा उचलणाऱ्यांचा रकाना मी कोराच ठेवलाय."