भिमाजीशिवाय भिमाजीचा आवाज

भिमाजीचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. तिसगावच्या बाजारात हमाली करत होता तेव्हाही आणि हमाली सुटल्यावरही. एकतीस वर्षं आम्ही दोघं एका टोळीत होतो. कांद्याची गोणी पाठीवर घेण्याआधी तो तोंडानं एक श्वास ओढायचा, ऐकू येईल असा. मग उठायचा. त्याची गोणी वाटेत कधी खाली टेकली नाही.

हमाली सुटल्यावर मारुतीच्या देवळातला स्पीकर त्याच्याकडे आला. गावात कुणी वारलं की तो सांगायचा. नाव, वय, अंत्यविधी किती वाजता. तिसऱ्या दिवशी सावडणं, दहाव्या दिवशी दशक्रिया. नाव घेण्याआधी तो तोच श्वास ओढायचा. मी एकदा हसलो तर म्हणाला, "नाना, नाव बी उचलावं लागतं. हलकं न्हाई ते."

त्याची धाकटी मुलगी धनश्री पुण्यात नोकरीला. ती म्हणाली, "तात्या, निम्मं गाव पुण्याला नि चाकणला हाय. त्यांना तुमचा स्पीकर कसा ऐकू येणार?" तिनं त्याला मोबाईलवर बोलून ठेवायला शिकवलं. 'तिसगावची खबर' असं नाव दिलं. रोज सकाळी साडेपाचला दहा मिनिटं. कांद्याचा भाव, कुणाची सोयरीक, कुणाची विहीर आटली, कोण गेलं. मध्ये एखादा टोमणा. तो बहुतेक वेळा गोरक्षनाथ टेलरला असायचा, कारण गोरक्षनाथ त्याचा लंगोटीयार. धनश्री हे पॉडकास्ट अशा मोकळ्या जागी ठेवायची, की ज्याच्याकडे जे ॲप असेल त्यावर ते लागायचं. खातं नको, पैसे नको. माझ्या फुटक्या मोबाईलवरसुद्धा लागायचं. दोन वर्षांत तालुकाभर लोक ऐकू लागले.

मग एका मोठ्या कंपनीचा फोन आला. दर महिन्याला पैसे देऊ, पण खबर फक्त आमच्याच ॲपवर.

"मंग बाकीच्यांनी काय करायचं?" भिमाजीनं विचारलं.

"ॲप घ्यायचं," धनश्री म्हणाली.

त्याची बायको मुक्ताबाई चुलीपाशी होती. "घ्या की! जलमभर पाठीचं पैसं घेतलं, आता तोंडाचं मिळत्यात तर लाजताय व्हय?"

करार पंधरा पानांचा होता. धनश्रीनं नऊ पानं वाचली आणि 'मान्य' दाबलं. हे तिनंच मला नंतर सांगितलं. जुनी मोकळी जागा बंद झाली. माझ्या मोबाईलवर खबर लागेनाशी झाली.

दिवाळीनंतर भिमाजीच्या गळ्यात गाठ निघाली. नगरला ऑपरेशन झालं. जीव राहिला, आवाज गेला. बोलायला लागला की नुसती हवा यायची, सुपातून भुसा उडावा तशी. खबर बंद पडली. आम्ही धरून चाललो की संपली.

फेब्रुवारीत एका सकाळी ती पुन्हा लागली.

मी तेव्हा भिमाजीच्या ओट्यावर चहा पीत होतो. शेजारच्या घरातून त्याचा आवाज आला, आधीसारखाच खणखणीत. "राम राम तिसगावकर." भिमाजी माझ्यासमोर बसला होता, गळ्याला पट्टी. त्यानं हातातली बशी खाली ठेवली. मुक्ताबाई दारात आली. "तुमी तर हितं बसलाय. मंग त्यो कोन बोलतोय?"

धनश्रीनं राहिलेली पानं वाचली. अकराव्या पानावर होतं, की खंड पडला तर 'सातत्य राखण्यासाठी' कंपनी हा आवाज यंत्राकडून बोलवून घेईल. तिनं तक्रार लिहिली. उत्तर आलं, 'आपलं म्हणणं आमच्यापर्यंत पोहोचलं आहे.' पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच उत्तर, त्याच शब्दांत.

आधी आधी कांद्याचे भाव यायचे. चुकीचे, पण भावच. बाहेरगावच्यांना वाटलं भिमाजी बरा झाला. पण त्या यंत्रानं दोन वर्षांची खबर ऐकली होती आणि तीत दर तीन-चार दिवसांनी कुणीतरी वारत होतं. तसं तेही मयत सांगू लागलं. पहिली दोन नावं कुणाला ओळखू आली नाहीत. तिसरं नाव भिमाजीच्या जुन्या टोमण्यांतून घेतलेलं होतं.

"तिसगावचे गोरक्षनाथ टेलर, वय एकाहत्तर, यांचं अल्पशा आजारानं निधन झालं. अंत्यविधी सकाळी अकरा वाजता, अमरधाम."

आमच्याकडे मयताची खबर फिरून विचारत नाहीत. 'खरंच का?' असा फोन त्या घरी करायचा नसतो. ऐकलं की निघायचं. नऊ वाजता गोरक्षनाथच्या दारात चाळीस माणसं होती. त्या आळीत एकही चूल पेटली नव्हती. दोघांनी बांबू आणले होते. कुणीतरी हार आणला होता.

गोरक्षनाथ दार उघडून बाहेर आला. गळ्यात टेप, तोंडात मिश्री. गर्दी बघून हळू आवाजात म्हणाला, "कोन गेलं?"

तेवढ्यात त्याची मुलगी ज्योती चाकणहून आली. कोपऱ्यापासून रडत येत होती. बापाला उभा बघितला आणि रस्त्यातच खाली बसली.

"गोरख, आयुष्य वाढलं तुझं!" एक जण म्हणाला. मग सगळे हसले. चहा झाला. बांबू परत गेले. हाराचं काय करायचं हे कुणाला कळेना. तो शिलाई मशीनवर राहिला. गोरक्षनाथनं तो हलवला नाही आणि दुसऱ्यानंही हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी आवाज म्हणाला, "कैलासवासी गोरक्षनाथ टेलर यांचा सावडण्याचा विधी आज सकाळी सात वाजता."

या वेळी कुणी हसलं नाही. मी देवळाच्या स्पीकरवर जाऊन सांगितलं, गोरक्षनाथ जिवंत आहे, ॲपवरचं खोटं आहे. गावानं ऐकलं. पण गिऱ्हाईकं एकेक करून आपलं कापड परत घेऊन गेली. कुणी कारण सांगितलं नाही. हॉटेलात एक जण त्याला म्हणाला, "दहावा रविवारी येतो का रं?" आणि आपलंच बोलणं ऐकून अर्धा चहा टाकून उठला.

गोरक्षनाथ घरात बसला. मग आडवा झाला. सहाव्या दिवशी त्यानं जेवण सोडलं. ज्योती घास तोंडाशी न्यायची, तो भिंतीकडे वळायचा.

मी समजावायला गेलो. तो म्हणाला, "नाना, भिमाजीनं आजपतूर एक तरी खबर खोटी दिली का?"

"न्हाई," मी म्हणालो.

"मंग?"

बाहेर येऊन मी ज्योतीच्या मोबाईलवर ती खबर लावली. चार वेळा ऐकली. आवाज भिमाजीचाच. श्वासही होता. पण नावाआधी नव्हता. तो मोजून टाकल्यासारखा यायचा, वाक्यात कुठेही, सारख्या अंतरानं. एकतीस वर्षं मी त्या माणसाच्या मागे ओझं वाहिलंय. हा आवाज काहीच उचलत नव्हता.

मी भिमाजीला जाऊन सांगितलं. गोरक्षनाथ आपल्याच दहाव्याची वाट बघत पडलाय, हेही सांगितलं. त्यानं मान खाली घातली. मग पाटीवर लिहिलं, 'धनश्रीला बोलव.'

नवव्या दिवशी ती आली. इंटरनेटवरची जुनी मोकळी जागा, तिचा पत्ता, कंपनीकडे गेला होता. तिनं नवा मोकळा पत्ता घेतला, पूर्वीसारखा, कुणालाही ऐकता येईल असा. म्हणाली, "तात्या, करार मोडतोय आपण." भिमाजीनं हातानं खूण केली, मोड.

दहाव्या दिवशी पहाटे आम्ही गोरक्षनाथच्या खाटेशी बसलो. भिमाजीनं मोबाईल तोंडाशी धरला आणि श्वास ओढला. गळ्यातून शिट्टी वाजली. डोळ्यांत पाणी आलं. शब्द निघाला नाही. पुन्हा ओढला. चार वाक्यांना त्याला एक तास लागला. सात वेळा थांबला. एकदा रक्ताचा ठिपका रुमालावर आला तेव्हा मुक्ताबाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आता." त्यानं तिचा हात बाजूला केला.

"मी भिमाजी. माझा आवाज गेलाय. ॲपवर बोलतोय त्यो मी न्हाई. गोरक्षनाथ जित्ता हाय, माझ्या म्होरं हाय."

नेमकी त्याच वेळी शेजारच्या घरात साडेपाचची खबर लागली. भिंतीपलीकडून खणखणीत आवाज आला, "कैलासवासी गोरक्षनाथ टेलर यांचा दशक्रिया विधी आज सकाळी आठ वाजता." खोलीत दोन भिमाजी झाले. गोरक्षनाथ डोळे उघडून दोन्हीकडे ऐकत राहिला. मग त्यानं हात लांब केला आणि भिमाजीच्या गळ्यावर, टाक्यांच्या वणावर ठेवला. भिमाजी पुन्हा कुजबुजला. गोरक्षनाथच्या बोटांखाली गळा हलला.

"ह्यो हाय," तो म्हणाला. मग भिंतीकडची पाठ फिरवून, "ज्योते, भाकर टाक."

मी आठला गावाबाहेर, ओढ्याकाठच्या दशक्रियेच्या ओट्यावर गेलो. कुणी चुकून आलं असेल तर परत पाठवावं म्हणून. जामखेडचा एक म्हातारा, गोरक्षनाथचा चुलतभाऊ, एकटा उभा होता. घरच्यांना उशीर झाला असं समजून त्यानं पानावर भाताचा घास ठेवला होता. मी बोलणार तोच कावळा उतरला आणि घासाला शिवला. लगेच. खऱ्या मयताला कधी कधी दोन-दोन तास वाट बघावी लागते.

म्हातारा समाधानानं म्हणाला, "काही इच्छा ऱ्हायली नव्हती भावाची." मी त्याला सगळं सांगून गोरक्षनाथच्या घरी नेलं. कावळ्याचा विषय आम्ही दोघांनीही तिथं काढला नाही.

गोरक्षनाथ आता शिवतो. ॲपवरचा आवाज अजून रोज बोलतो. धनश्रीच्या वकिलानं नोटीस पाठवली आहे, उत्तर तेच येतं. पण आता चाकणची माणसं निघण्याआधी मोकळ्या पत्त्यावरची कुजबुज ऐकतात. ती रोज चारच वाक्यांची असते. मीही ऐकतो. दोन वर्षांत भिमाजीनं माझं नाव किती वेळा घेतलं असेल, ते सगळं त्या यंत्राकडे आहे.

घरावर स्लॅब टाकायला भिमाजीनं हमालीच्या पैशातून पुंजी ठेवली होती. पत्रे तसेच राहिले. त्या पैशात त्यानं वकिलाची फी दिली आणि तो मोकळा पत्ता दहा वर्षांसाठी घेतला.